पाचवी खाच

हसाजी बावीस वर्षांनी साजगावात येणार होते, आणि त्यासाठी त्यांनी दिवस निवडला शुक्रवार. माझे पणजोबा खरे, पण नाजूक काम नेमकं घाईच्या दिवशी काढायची त्यांची खोड जुनीच. आम्हा इस्राएल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, शुक्रवार मुळात आखूड. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मग घाणा फिरायचा नाही, चूल पेटायची नाही, लेखणीला हात लागायचा नाही. या शनिवारच्या सुट्टीपायीच सगळा मुलूख आम्हाला शनवार तेली म्हणत आला. भांडायला मात्र शब्बाथाची आडकाठी नव्हती, आणि त्या सवलतीचा आमच्या साजगावकर घराण्यानं कायम भरपूर फायदा घेतला.

साजगावच्या घरी मोती आत्या पहाटेपासून एका जागी ठरली नव्हती. सत्तरीची बाई. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. भाऊ एलोजी सोळा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून तेलाचा घाणा तीच चालवत होती. भावाचा मुलगा मुसाजी खोपोली स्टेशनात रूळ बदलणारा सांधेवाला. त्याला बैलांपेक्षा इंजिनाचं कौतुक जास्त.

"मुसा, दारातली पेंड झाड रं," आत्या म्हणाली. "त्यो येतोय बावीस वर्सांनी. घसरून पडला तर मनंल मुद्दाम टाकली."

"पडू दे. थोरली पाती हाय, थोरपनानं उठंल."

"आज तोंड आवर. त्या मुंबईच्या कारकुनाचं काम होऊ दे, मंग काय ते बोल."

"काम तेचं, आन नाक खाली आमचं? आत्या, पयली मूठ मी तेच्या हातात देनार नाय. आधीच सांगतो."

ही पहिली मूठ मलीद्याची. एलियाहू नबीच्या नावानं आम्ही मलीदा करतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. प्रार्थना झाली की साजगावकरांच्यात पहिली मूठ थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशातल्या, पुरुषाला द्यायची. बावीस वर्षांपूर्वी एका लग्नात ती मूठ हसाजींना न देता एलोजीनं स्वतःच तोंडात टाकली, आणि बोलणं बंद. पोह्यांच्या एका मुठीवरून. आमच्या घराण्याबद्दल आणखी काही सांगायची खरं तर गरज नाही.

आत्या केरसुणी घेऊन घाण्याच्या पडवीत गेली. तिथं सागाचा जुना खांब, आणि खांबावर एकाखाली एक पाच खाचा. जो घाणा हाती घेईल त्यानं पहिल्या दिवशी, बैल जुंपायच्या आधी, पटाशीनं एक खाच पाडायची, ही घराची रीत. आत्याचा हात झाडता झाडता त्या खाचांवरून गेला, रोजच जायचा. सोळा वर्षांपूर्वी तिनंही पटाशी उचलली होती. "बाईमानसाची कसली खाच," असं गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि तिनं पटाशी आढ्याला खोचून ठेवली. कोण म्हणालं ते ती विसरली नव्हती, पण तो माणूसही आता मेला होता, त्यामुळं रागवायला कुणी उरलं नव्हतं.

इकडे खोपोली स्टेशनावरून निघालेल्या बैलगाडीत शलोम आपली पत्र्याची पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. तेव्हा ते अजून माझे आजोबा झाले नव्हते. मुंबईच्या वंशदफ्तर मंडळीचे ते पगारी कारकून. गावोगाव फिरून इस्राएलांच्या प्रत्येक घराची वंशावळ उतरवायची, जुने करारनामे नि लग्नाचे कागद मागून घ्यायचे, आणि शेवटी मंडळीसाठी वर्गणीची गोष्ट काढायची. पहिल्या कामाला लोक खूश असत. आजा-पणजाचं नाव कुणी विचारलं की माणूस फुलतो. वर्गणीचं नाव निघालं की त्याच माणसाला शेतावरचं काम आठवे.

तीन वर्षांत अकरा पेट्या कागद जमले होते. ते ठेवलेली माळ्यावरची खोली गळकी, आणि मालकानं ती महिनाअखेर रिकामी करायला सांगितली होती. रविवारी मंडळीची बैठक. तोवर जागा मिळाली नाही तर पेट्या फोडून ज्याचे कागद त्याला परत, असं ठरलेलं. म्हणजे पुन्हा कुणाच्या धान्याच्या कणगीत, कुणाच्या देवळीत, वाळवीच्या तोंडी.

आणि अशात हसाजींनी भिसेगावचं आपलं चार खोल्यांचं घर देऊ केलं होतं. घाटातल्या रेल्वेच्या कामावर ठेकेदारी करून बांधलेलं, चिरेबंदी, छपराला एक भोक नाही. बक्षीसपत्र पेटीत तयार होतं. सही तेवढी राहिली होती. सहीला एक अट होती.

"तक्त्यावर लिहिलंत ना?" हसाजींनी गाडीत तिसऱ्यांदा विचारलं.

"लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"आबाजींच्या मागे घाण्याचे धनी त्यांचे थोरले चिरंजीव इसाजी. नंतर धाकटे एलोजी."

"नंतर नाही. बळकावून."

"हसाजीशेठ, वंशावळीत असा शब्द नसतो."

"बरं, नसू दे. धनी लिहिलं तरी पुरे. मुसाजीच्या समोर वाचा, तो हो म्हणू दे, मी तिथंच सही करतो. माझ्या पणजोबाला त्या घरातनं काढलं, हे चार माणसांत एकदा कबूल व्हावं, एवढंच."

हसाजींची मुलगी बापाच्या खोकल्याचं औषध घेऊन सोबत आली होती. एकोणीस वर्षांची, मुंबईच्या शाळेत शिकलेली. ती माझी आजी. तिनं शलोमकडे बघून विचारलं, "हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"कुठं नाही. तुमच्या वडिलांनी सांगितलं."

"मग दुसऱ्या बाजूला विचारलंत?"

शलोमनी बैलांकडे बघितलं. विचारलं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका घराचं ऐकून पक्क्या शाईत लिहिलं होतं, कारण रविवार दोन दिवसांवर होता. त्या पोरीला ते कळलंय, हेही त्यांना कळलं. आजोबा मला सांगायचे, साजगावपर्यंतचा तो रस्ता माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब.

पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मुसाजीनं पाय धुवायला पाणी दिलं, तोंडानं काही दिलं नाही. आत्यानं हसाजींच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"वाळलास रं."

"तू नाही बदललीस आत्या." नात्यानं ती त्यांची आत्याच, वडलांची चुलत-चुलत बहीण. वयानं मात्र फारतर दहा वर्षांनी मोठी.

"मी कशी बदलनार? घान्याच्या बैलागत, तितंच गोल गोल."

ओट्यावर शेजारचा मालोजी येऊन बसला होता. पंचाहत्तरीचा कुणबी, कानानं जड, पण मलीद्याचा वास त्याला चार घरांवरून यायचा. प्रार्थना झाली. मलीद्याचं ताट मध्ये आलं. आत्यानं पहिल्या मुठीसाठी ताटात हात घातला आणि तशीच थांबली.

"आधी कागद," हसाजी म्हणाले.

"आधी कागदच," मुसाजी म्हणाला. दोघांचं एकमत झालेली त्या दिवसातली ही पहिली गोष्ट.

शलोमनी पडवीत चटईवर तक्ता पसरला. आमच्यात आज्याचं नाव नातवाला जातं, त्यामुळं वंशावळ वाचताना तीच तीच नावं जोडीनं येत राहतात. "मूळ पुरुष आबाजी. साजगावात येऊन घाणा घातला. मुलगे दोन. थोरले इसाजी, त्यांचे हसाजी, त्यांचे इसाजी, त्यांचे हे हसाजीशेठ. धाकटे एलोजी, त्यांचे मुसाजी, त्यांचे एलोजी, त्यांचे हे मुसाजी." इथपर्यंत माना हलल्या. मग शलोमचा आवाज जरा खाली गेला. "आबाजींच्या मागे घाण्याचे धनी इसाजी."

"कोन मनतो?" मुसाजी उठलाच.

"तुझ्या घरचा खांब म्हणतो," हसाजी म्हणाले. "घाण्याचे धनी मोज. आबाजी, एलोजी, मुसाजी, तुझा बाप एलोजी. चार. खाचा किती?"

मुसाजीनं वळून खांबाकडे बघितलं.

"पाच आहेत. मग पाचवी कुणाची? आबाजीच्या मागं माझा पणजोबा बसला होता घाण्यावर. तुझ्या पणजोबानं त्याला उठवला."

"तुमचा पणजा गलबतावर चाकरीला गेला व्हता. घर, घाना, समदं टाकून. आला त्यो केस पिकल्यावर, वाटनी मागायला. खाच आबाजीच्या आदीच्या कुनाची तरी आसंल."

"खांब आबाजीनं रोवला. त्याच्या आधी इथं रान होतं."

"मंग आबाजीनंच दोन पाडल्या आसतील."

"का? विसरला होता पहिली?"

"पोहं सुकाय लागलं," आत्या म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

शलोम तक्त्याजवळ मान खाली घालून बसले होते. मुसाजी हो म्हणणार नाही, म्हणजे सही होणार नाही, म्हणजे रविवारी अकरा पेट्या फुटणार. पडवीत आलेलं ऊन खांबाच्या कमरेपर्यंत चढलं होतं. माझी आजी त्यांच्या शेजारी येऊन उकिडवी बसली आणि तक्त्यावरून बोट फिरवू लागली.

"शलोमजी, यात मी कुठं आहे?"

"मुलींचा रकाना नाही. मंडळीचा छापील नमुना आहे."

"आणि आत्याआजी?"

"त्याही नाहीत."

"मी घान्यावर हाय, कागदात कशाला," आत्या म्हणाली. मग या गडबडीत राहून गेलेलं तिला आठवलं. "तुजं नाव काय गं बाय?"

"मोती."

आत्याचा हात ताटावरच राहिला. "मोती? कुनाचं नाव ठेवलं तुजं?"

"माझ्या आत्याचं. बाबांच्या बहिणीचं."

"माजं बी माज्या आत्याचं," आत्या सावकाश म्हणाली. "आमच्यात येक मोती आसतेच. आत्याची मोती भाचीला जाते."

"आमच्यातही," हसाजी म्हणाले. भांडणाच्या भरात त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते पुन्हा खाचांकडे वळणार, एवढ्यात शलोमनी त्यांचा हात धरला. कारकुनानं ठेकेदाराचा हात धरायची ती रीत नव्हे, पण त्यांना ते सुचलंच नाही.

"थांबा. हसाजीशेठ, तुमच्या बहिणीचं नाव मोती. ते कुणाचं?"

"तिच्या आत्याचं."

"आणि त्या आत्याचं?"

"तिच्याही आत्याचं. ती म्हातारी मी पाहिलीय, डोळे गेलेले. इसाजीची मुलगी. ती म्हणायची, माझं नावही माझ्या आत्याचंच."

शलोमनी तक्ता उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला घेतलं. "आता तुम्ही, आत्याबाई."

"माजी आत्या मोती, ती पयल्या एलोजीची लेक. तिचं नाव..." आत्या थांबली. "तिच्या आत्याचं. ती नेमी मनायची, माज्या आत्यानं कमावलेला घास माज्या तोंडात हाय."

आजोबांनी लेखणी खाली ठेवली. "इसाजींच्या मुलीची आत्या म्हणजे इसाजींची बहीण. एलोजींच्या मुलीची आत्या म्हणजे एलोजींची बहीण. दोघं तर सख्खे भाऊ. म्हणजे बाई एकच. आबाजींना मुलगे दोन, पण मुलं तीन. मोती नावाची मुलगी होती. दोन्ही घरं पिढ्यानपिढ्या भांडत आली, तरी तिचं नाव दोघांनीही टाकलं नाही. आणि मी ते विचारलं नाही, कारण नमुन्यात रकाना नव्हता."

"बरं, असेल बहीण," हसाजी म्हणाले. "तिचा खाचेशी काय संबंध?"

ओट्यावरून मालोजीनं खाकरलं. एवढा वेळ तो काय ऐकत होता नि काय नाही, देव जाणे. "बाईचं बोलताय व्हय? बाईच्या घान्याचं?"

"मालोजीबाबा, ती मी," आत्या मोठ्यानं म्हणाली. "माज्या घान्याला मनतात लोक बाईचा घाना."

"तुज्या घान्याला आत्ता मनतात. माजा आजा मनायचा तवा तू कुटं व्हतीस? आज्याला तेचा बा सांगायचा, बाईच्या घान्यावर तीळ टाकून ये. आजा ल्हान व्हता तवाची गोष्ट."

मुसाजी ओट्यापाशी जाऊन त्याच्या कानाशी वाकला. "बाबा, नीट सांग. कोन बाई?"

"आता तुमच्याच घरातली, मी काय सांगू? बा मेला, आन ही थोरली. दोन भाव ल्हान. लगीन नाय केलं तिनं, घाना धरला. थोरला भाव मोटा झाला आन गलबतावर गेला. तिनं तेची वाट बगितली. धाकटा मनायचा मला दे घाना, तर मनायची, थोरला येऊ दे, तेचा हाय. किती वर्सं बगितली. मंग हात चालंना तवा दिला धाकट्याला." मालोजीनं ताटाकडे नजर टाकली. "हे तुमास्नी ठावं नाय? मला वाटलं आसंल."

"आदी कदी बोलला नाय ते?" मुसाजीनं विचारलं.

"कुनी इचारलं?"

शलोमनी हसाजींकडे बघितलं. माझे पणजोबा घाटातल्या बोगद्यांत सुरुंग लावून घेणारे, रडणारा माणूस नव्हे. पण त्यांचा खालचा ओठ हलत होता. साठ वर्षं त्यांना सांगण्यात आलं होतं की इसाजीला घरातनं हाकलला. आणि कुणीतरी त्याची वाट बघत होतं, घाणा धरून.

"मग कागदावर काय लिहिणार तुम्ही?" त्यांनी शलोमना विचारलं. आवाज कोरडा होता.

आता आजोबांना गप्प बसता आलं असतं. पुढच्या बाजूवर पक्क्या शाईत लिहिलेलं होतंच, अट पुरी करणारं. त्यांनी तक्ता सुलटा केला, इसाजींच्या नावापुढचं 'घाण्याचे धनी' एका रेघेनं खोडलं, आणि आबाजींच्या खाली, दोन मुलांच्या आधी, लिहिलं: मोतीबाई आबाजी. घाणा हिने चालविला. भावाची वाट पाहिली.

"नमुन्यात बसत नाही," ते म्हणाले. "पण मला आता दुसरं लिहिता येणार नाही, हसाजीशेठ. मघाचं लिहिलं ती माझी चूक होती. घर दिलं नाहीत तरी हे असंच राहील."

हसाजी उठले आणि खांबापाशी गेले. दुसऱ्या खाचेवर अंगठा ठेवला. मग मागं न वळता म्हणाले, "घरात पटाशी आहे का?"

मुसाजी पुढं सरकला. त्याला वाटलं, म्हातारा खाच तासून टाकणार. माझ्या आजीलाही तेच वाटलं. बापाचा राग तिनं पाहिलेला होता. आत्या मात्र गेली, आढ्याला हात घातला, आणि सोळा वर्षं तिथं असलेली पटाशी हातोडीसकट आणून हसाजींच्या हातात दिली. ऊन खांबाच्या वरच्या टोकाला पोचलं होतं.

हसाजींनी पटाशीची धार बोटानं पाहिली आणि ती तिच्याकडेच परत केली.

"एलोजीच्या मागं घाणा कोण चालवतंय?"

आत्यानं पटाशी पदरानं पुसली.

"सोळा वर्षं झाली म्हणे. तुझी खाच कुठंय?"

"बाईमानसाची..." आत्या बोलायला लागली. तिनं मुसाजीकडे बघितलं. घर आता त्याचं, खांब त्याचा.

"माज्याकडं काय बगतेस," मुसाजी म्हणाला. "मी तर सांधेवाला. पाड की."

आत्यानं पदर खोचला. पाचव्या खाचेखाली चार बोटं मोजली, पटाशी टेकवली नि हातोडी मारली. जुना साग, लोखंडासारखा. पहिला घाव सरकला. "धरू का?" हसाजींनी विचारलं. "नको," ती म्हणाली. पाच-सहा घावांत लाकडाचा तुकडा उडून मलीद्याच्या ताटात पडला, आणि मालोजीनं तो निमूट उचलून बाजूला ठेवला. आत्या खाचेवर फुंकर घालत होती आणि रडत होती, आणि आपण रडतोय याचा तिला अजिबात संकोच वाटत नव्हता.

खांबावरचं ऊन आता उरलं नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर सूर्याची कड तेवढी दिसत होती. शलोमनी ती बघितली, पेटीकडे बघितलं. अशा वेळी सहीचं काढायचं कसं? अकरा पेट्या डोळ्यांपुढं येत होत्या, पण जीभ उचलत नव्हती.

आत्यानं डोळे पुसले. दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, काडी हातात घेतली. शब्बाथाचा दिवा घरच्या बाईनं लावायचा. तो लागला की लेखणी बंद. काडी ओढायच्या आधी ती थांबली.

"हसाजी, त्या लेखणीवाल्याचा कागद काय तो आदी कर. माजा दिवा खोळंबलाय."

हसाजी वळले. बक्षीसपत्र माझ्या आजीनं कधीच पेटीतून काढून चटईवर ठेवलं होतं, बोरू शाईत बुडवून. त्यांनी सही केली. सहीखाली जागा होती, तिथं थोडं थांबून आणखी लिहिलं: या घरास मोतीबाईचे दफ्तर म्हणावे.

"अट लिहिली नाहीत," शलोम म्हणाले.

"कसली अट?" पणजोबा म्हणाले. "मुसाजी, ती मूठ कुणाला द्यायची ते आता तूच ठरव. मला भूक लागलीय."

मुसाजीनं ताट उचलून आत्यापुढं धरलं. आत्यानं मूठ भरली, अर्धी आपल्या तोंडात टाकली, अर्धी माझ्या आजीच्या. मग काडी ओढली. आजीनं शाई वाळायची वाट न बघता कागद उचलून शलोमच्या हातात दिला होता, आणि त्यांच्या अंगठ्याचा डाग त्यावर अजून आहे.